गाणं पोराचं, खातं कंपनीचं
(गळ्याचा हिशेब : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात ऑडिशनच्या नावाखाली आगाऊ पैसे उकळणाऱ्यांबद्दल लिहिलं. आज पैसे न मागणाऱ्यांबद्दल. हे जास्त अवघड प्रकरण, कारण यांच्याकडे खरंच स्टुडिओ असतो आणि चालतं यूट्यूब चॅनेलही असतं.

शेगावच्या प्रकटदिनाआधी गजानन महाराजांच्या गाण्यांची लगबग, १४ एप्रिलआधी भीमगीतांची. चिखली-मेहकरकडचं एखादं पोरगं भजनी मंडळात नाहीतर ऑर्केस्ट्रात नाव काढतं आणि फोन येतो : गाणं रेकॉर्ड करू, व्हिडिओ काढू, तू एक रुपया देऊ नको, फक्त सही कर. कागदावर छापलेलं असतं, ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’. त्या आनंदात कागद वाचतो कोण! पुढे तेच गाणं पोरानं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं, की यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेतून त्यावर कंपनीचा दावा येतो. जाहिरातीचे पैसे मग तिकडे वळतात.

दुखणं जुनंच आहे. गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकर १९६० च्या दशकात अडून बसल्या, तेव्हा त्यांचं मोहम्मद रफींशीच बिनसलं. मानधन मिळालं की गायकाचा हक्क संपला, असं रफींचं मत. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. व्यावसायिक वापरासाठी गायकाला रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला तो २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं. म्हणजे लताबाईंना जे भांडून मागावं लागलं, ते आज मेहकरच्या पोराला कायद्यानंच दिलंय. त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

त्याच कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपन्या ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ छापायला का विसरत नाहीत, ते यावरून कळावं.

गायक १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या सहीनं करारच होत नाही; प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच तसं ठरवलंय. म्हणून कंपनी बापाची सही घेते, आणि लेकाचं नाव टीव्हीवर येणार म्हटल्यावर बापही मागेपुढे पाहत नाही. मूल १४ च्या आतलं असेल तर २०१७ च्या नियमांनी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ३ तासांवर विश्रांती हवीच, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. चित्रीकरण लोणारच्या सरोवराकाठी असेल तर हा अर्ज बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेच यायला हवा.

करार वाचून घ्यायला वकिलाची फी परवडत नाही, हे खरं. पण बुलढाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. मदत क्रमांक १५१००. जायचं ते सहीच्या आधी.

(पुढच्या आठवड्यात : ऑर्केस्ट्रातल्या मुली आणि रात्रीचे कार्यक्रम)