बंद पडलेला संगणक

मुलांनो, पावसाळ्याच्या तोंडावर गौताळ्याच्या डोंगरावर ढग जमू लागले, की आमच्या कन्नड गावी विजांचा कडकडाट ठरलेलाच. काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी गावातील वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयातील संगणकाची कळ दाबली, तर ना दिवा लागेना, ना पंखा फिरेना. दहावीची मुले शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी दारात उभी होती. “सर, सगळ्या नोंदी यातच आहेत हो!” असे म्हणून आमचे लेखनिक मटकन खाली बसले.

संगणक बंद पडला म्हणजे त्यातील माहितीही नाहीशी झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती खरी नव्हे. माहिती हार्ड डिस्क नावाच्या भागात साठवलेली असते आणि वीज नसतानाही ती तेथे टिकून राहते. मग बिघडते काय?

आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्ट दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी थेट रोपांवर सोडले, तर रोपे उखडून जातील. म्हणून दारे धरणारा शेतकरी ते पाटाने वळवून बेताबेताने वाफ्यांना देतो. संगणकात हे काम पत्र्याची एक पेटी करते. तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. विजेच्या दाबात एकाएकी चढउतार झाला, की पहिला आघात तीच सोसते. पुष्कळदा ती निकामी होते. परंतु पुढचे भाग वाचतात.

माझाच एक जुना विद्यार्थी दुरुस्तीस आला. त्याने दुसऱ्या चालू संगणकाची पेटी जोडून पाहिली, तोच पंखा फिरू लागला! दोष कोठे आहे, हे उमगले. बाजारातून नवी पेटी आणली. ती जुनीएवढ्याच मापाची असावी आणि तिची वॅटमधील शक्ती जुनीहून कमी नसावी, हे त्याने आधी पडताळले.

मग त्याने भिंतीतील पिन काढली व थोडा वेळ थांबला. कॅबिनेटचे झाकण काढून प्रत्येक वायर कोठे जोडली आहे, हे कागदावर टिपले. वायरींची टोके खटका दाबून सोडवली, मागचे चार स्क्रू काढले व जुनी पेटी अलगद बाहेर घेतली. नवी पेटी बसवून टिपणाप्रमाणे सर्व वायरी जोडल्या.

एका मुलाने कुतूहलाने जुनी पेटी खोलण्यास हात घातला, तोच कारागीर ओरडला, “थांब! हात लावू नकोस!” पेटीतील धारित्रात ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज साठते आणि पिन काढल्यावरही ती काही काळ राहू शकते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेटी बदलावी, पण खोलू नये. आणि बदलतानाही जाणत्या माणसास जवळ ठेवावे.

दुपारपर्यंत सर्वांना दाखले मिळाले. त्याच सायंकाळी लेखनिकांनी, कोणी न सांगता, साऱ्या नोंदींची दुसरी प्रत करून कपाटात ठेवली.