पुणें शहरांतील जुने अवशेष पाहणारांनीं काय वाचावें ?

पुण्यांत कोठें पाया खणतांना दगडी पोकळी लागली कीं, भुयार सांपडल्याची आवई त्याच दिवशीं उठते. इ. स. २०१९ च्या मार्च महिन्यांत स्वारगेटजवळ मेट्रोचें काम चालू असतां जमिनीखालीं जुनें बांधकाम उघडें पडलें, तेव्हांहि हाच प्रकार झाला. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत, आणि कांहींच्या मतें थेट सिंहगडापर्यंत, गुप्त मार्ग होता ही समजूत शहरांत इतकी रूढ आहे कीं, तिला पुरावा मागणाराच अरसिक ठरतो. स्वारगेटचें तें बांधकाम जुन्या पाणीपुरवठ्याच्या मार्गाचें आहे असें जाणकारांनीं सांगितलें. पण आवई जितकी दूर गेली तितका हा खुलासा गेला नाहीं.

जुनें शहर पायीं हिंडून पाहणारांची संख्या हल्लीं वाढत आहे. पडके वाडे, बुजलेले हौद, बोळांतील उच्छ्वास यांची छायाचित्रें घेणारे तरुण सुटीच्या दिवशीं पेठांतून भेटतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु पाहण्यापूर्वीं वाचावें काय, हें त्यांस सांगणारा कोणी नसतो. प्रस्तुत लेखांत तसें वाचन सुचविण्याचा विचार आहे. सर्व ग्रंथांची यादी देण्याचा हेतु नाहीं. कोणत्या लेखनापासून अवशेष ओळखण्यास खरी मदत होते, आणि कोणतें लेखन केवळ वेळ घालविण्यापुरतें आहे, एवढेंच पाहावयाचें आहे.

प्रथम कात्रजचा नळ घेऊं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून शहरांत पाणी आणलें गेलें. पाणी केवळ उताराच्या जोरावर वाहावयाचें, तेव्हां नळाचा मार्ग सरळ रेषेंत नेतां येत नाहीं. जमिनीची उंचसखल रचना पाहून त्यास वळणें द्यावीं लागतात. मार्गावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले असतात. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाते, आणि गाळ काढण्यास माणसासहि आंत उतरतां येतें. शहरांत शिरल्यावर पाणी हौदांत पडे व हौदांतून लोक तें भरून नेत. इतकें ज्यानें वाचलें आहे, त्यास भुयार कोणतें व नळ कोणता हें ओळखण्यास फारसा वेळ लागत नाहीं. तळास एकाच दिशेनें मंद उतार, भिंतींवर पाण्याच्या पातळीची रेघ व चुनखडीचा थर, तळाशीं बारीक गाळ, आणि ठराविक अंतरानें वर उघडणारीं तोंडें, हीं नळाचीं लक्षणें होत. शत्रूच्या नकळत निसटण्यासाठीं बांधलेल्या मार्गास कोणी वाटेवर चारचौघांस दिसतील अशीं उघडीं तोंडें ठेवील काय ? मलिक अंबरानें औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, आणविलेल्या नहरींचे अवशेषहि याच रीतीनें तपासावयाचे असतात.

आतां ग्रंथांकडे वळूं. पहिलें पुस्तक म्हणून ना. वि. जोशी यांचें इ. स. १८६८ मध्यें प्रसिद्ध झालेलें पुणें शहराचें वर्णन वाचावें. त्याचें महत्त्व त्याच्या सनांत आहे. तें लिहिलें गेलें त्या वेळीं बुधवारवाडा उभा होता. तो १८७९ च्या मे महिन्यांत जळाला. खडकवासल्याचें धरण पुरें व्हावयाचें होतें, म्हणजे हौदांचें पाणी ही अद्याप रोजच्या वापराची वस्तु होती, पुराणवस्तु झाली नव्हती. पेशवाई पाहिलेलीं माणसें तेव्हां अगदींच विरळ झालीं नसावीं. अशा वेळच्या लेखकानें सहज लिहिलेलें वाक्य नंतरच्या विद्वानाच्या पानभर तर्कापेक्षां अधिक मोलाचें असतें. मात्र ऐकीव कथा व पाहिलेली वस्तु यांच्यांतील भेद वाचकानेंच करावयाचा आहे.

त्यानंतर मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियराचा १८ वा खंड. हा पुणें जिल्ह्याचा खंड १८८५ मध्यें तीन भागांत निघाला, व शहराचें वर्णन त्याच्या तिसऱ्या भागांत आहे. सरकारी ग्रंथ म्हणून कोणी त्याकडे पाठ फिरवूं नये. पेठा, वाडे, देवळें, पूल व पाण्याचे नळ यांची एकत्र माहिती इतक्या तपशिलानें त्यापूर्वीं कोणीं दिली नव्हती. कात्रजच्या नळाखेरीज नाना फडणीस, रास्ते व चौधरी यांच्या नांवांनीं ओळखले जाणारे नळहि शहरांत होते, ही गोष्ट पुष्कळांस येथेंच प्रथम कळते. यावरून असें निष्पन्न होतें कीं, एखादा जुना हौद दिसला म्हणून तो कात्रजच्या पाण्याचा असें लिहून टाकणें बरोबर नाहीं. तो कोणत्या नळावर होता हें निराळें सिद्ध केलें पाहिजे. ग्याझेटियर व जोशी यांचें वर्णन हीं दोन्हीं शेजारीं ठेवून वाचावीं. सतरा वर्षांत काय गेलें व काय बदललें याचा एक कच्चा तक्ता आपोआप तयार होतो.

रावबहादूर पारसनीस यांचें जुन्या पुण्यावरील इंग्रजी पुस्तक १९२१ चें. तें सुंदर आहे आणि चित्रांसाठीं अवश्य पाहावें. चित्रांचाच विषय निघाला म्हणून सांगतों : इंग्रज वकील चार्लस मॅलेट यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्यांतील गंगाराम तांबट या चित्रकाराकडून पुष्कळ चित्रें काढविलीं. परकीय प्रवाशांपैकीं लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ मध्यें पुण्यास आला होता; त्याचें प्रवासवर्णन १८०९ मध्यें छापलें गेलें. असे पाहुणे दरबाराचें वर्णन चांगलें करितात, पण बोळांत ते शिरत नाहींत, आणि आपणांस तर बोळांतच शिरावयाचें आहे.

भारत इतिहास संशोधक मंडळानें १९४० नंतरच्या दशकांत काढलेलें पुणें नगर संशोधन वृत्त मात्र या विषयाच्या अभ्यासकानें विकत घेऊन घरीं ठेवावें, अशा योग्यतेचें आहे. निरनिराळ्या लेखकांनीं पेठांचा, घराण्यांचा व वास्तूंचा जागेवर जाऊन केलेला तपास त्यांत आहे. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून जो पूर आला, त्यांत नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे जमीनदोस्त झाले. वृत्ताच्या लेखकांनीं पाहिलेल्या पुण्याचा तेवढा भाग आतां कागदावरच उरला आहे.

छापील ग्रंथांपलीकडे जाऊं इच्छिणारानें मूळ कागदांकडे यावें. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले सातारचे राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे, आणि सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढें प्रसिद्ध केलेले पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड, हे दोन मोठे संग्रह छापलेले आहेत. दफ्तराच्या खंडांपैकीं १८ वा व ३२ वा हे खाजगी जीवनासंबंधींचे खंड वाड्यांच्या अभ्यासकानें आधीं चाळावे. तरीहि एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हे उतारे निवडणारांचें लक्ष मुख्यत्वें राजकारण, राज्यकारभार व घराण्यांचा इतिहास यांकडे होतें. गवंड्यांची मजुरी, चुन्याच्या गाड्या, गाळ उपसणाऱ्या बेलदारांचा रोज, असल्या नोंदी त्यांच्या चाळणींतून खालीं पडणें स्वाभाविक होतें. त्या पाहावयाच्या तर पुणें पुराभिलेखागारांत जाऊन रुमाल सोडले पाहिजेत, आणि त्यासाठीं मोडी आली पाहिजे. त्यास जवळची वाट नाहीं.

मूळ कागद वाचतांना नवख्या माणसाची फसगत बहुधा दोन ठिकाणीं होते. एक सन व दुसरें नांव. हिशेबी कागदांत शुहूर सन असतो व तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे एक, पन्नास, शंभर व हजार, मिळून ११५१. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७५० येतें, परंतु हा सन मृगापासून मृगापर्यंत चालतो, म्हणून त्याच वर्षांतील माघाची नोंद १७५१ मध्यें पडते. नळाचें काम कोणत्या उन्हाळ्यांत झालें असा प्रश्न असेल तर हें एक वर्ष क्षुल्लक नसतें.

नांवांचा घोटाळा याहून मोठा. रविवार पेठ जुन्या कागदांत मलकापूर म्हणून येते. सोमवार म्हणजे शहापूर, मंगळवार म्हणजे अष्टापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. बुधवार पेठेस औरंगजेबाच्या वेळचें मोहियाबाद हें नांव चिकटलेलें आहे. गुरुवार पेठ वेताळ पेठ होती, भवानी पेठेच्या जागीं बोरवन होतें, नाना पेठेस हनुमान पेठ व रास्त्यांच्या पेठेस शिवपुरी म्हणत. सदाशिव पेठ वसली ती नायगांवाच्या जमिनीवर. ज्यास हें ठाऊक नाहीं तो ‘मौजे नायगांव’ असें लिहिलेला कागद दुसऱ्या कोठल्या तरी खेड्याचा म्हणून बाजूस ठेवील, आणि त्यांतच कदाचित् त्याच्या शोधाचा हौद असेल.

यापुढील मजकूर विशेषतः संग्राहकांसाठीं आहे. ज्या कागदांची आपणांत सर्वांत कमी किंमत होते, तेच या विषयांत सर्वांत बोलके आहेत. शिक्क्याची सनद, थोर पुरुषाच्या हातचें पत्र, सचित्र पोथी यांस गिऱ्हाईक लगेच मिळतें. परंतु घराचें खरेदीखत, भावांचें वांटणीपत्र, भाडेचिठ्ठी, शेजाऱ्याशीं पन्हळीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाचा निवाडा, हे कागद वाडा पाडतांना रद्दीच्या भावानें जातात. वास्तविक खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस हौद, उत्तरेस तमक्याचा परडा. लागून असलेल्या चार घरांचीं खतें हातीं आलीं कीं, त्यांच्या चतुःसीमा एकमेकींस जोडून आज बुजलेला बोळ कागदावर पुन्हां उघडतां येतो. हौद कोणत्या बाजूस होता हें कळतें, तो पुढें कोणाच्या परड्यांत गेला हें कळतें, आणि सिटी सर्व्हेच्या नकाशांत एखाद्या मिळकतीची हद्द विनाकारण वांकडी कां दिसते याचें कारणहि पुष्कळदां तेथेंच सांपडतें. एकटें खत मात्र मुकें असतें. रुमालांतून एक कागद उपसून घेऊन बाकीचे सोडून देणें म्हणजे जोत्याचा एक घडीव चिरा घरीं नेऊन बाकीचें जोतें मजुरांच्या स्वाधीन करणें होय. म्हणून संग्राहकानें निदान इतकें करावें : कागद कोणत्या पेठेंतील, कोणत्या वाड्यांतून, कोणत्या सालीं आला, त्याच्या बरोबर दुसरें काय बांधलेलें होतें व तें कोणत्या क्रमानें, हें निराळ्या चिठ्ठीवर टिपून ती चिठ्ठी कागदाजवळच ठेवावी. कागदावर कांहींएक लिहूं नये. घराण्याचें नांव प्रसिद्ध करण्यास मालकाची हरकत असल्यास तें गाळावें, परंतु जागा गाळूं नये.

शनिवारवाड्यासंबंधीं येथें फार लिहीत नाहीं, कारण त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १० जानेवारी १७३० रोजीं पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगींत आंतील इमारती नष्ट झाल्या, इतकें सर्वांस माहीत असतें. आज दिसतात ते तट, दरवाजे, जोतीं व कारंज्यांचे हौद. त्यांपैकीं कारंजांकडे पाहणारानें एकच प्रश्न मनांत ठेवून जावें, कीं यांस पाणी कोठून व किती उंचीवरून येत असे. त्या प्रश्नासरशीं वाडा एकटा राहत नाहीं, तो कात्रजशीं जोडला जातो.

बंद नळांत उतरूं पाहणारांस एक इशारा देणें अवश्य आहे. आंत कोंडलेली हवा घातक असते, आणि जुन्या नळांत आज पुष्कळ ठिकाणीं सांडपाणी शिरलेलें आहे. परवानगीवांचून, एकट्यानें, किंवा पावसाळ्यांत कोणींहि आंत जाऊं नये. संरक्षित वास्तूंत खणणें तर गुन्हाच आहे. धनाच्या आशेनें उकरलेल्या जागांतून धन निघाल्याचें ऐकिवांत नाहीं, पण बांधकामाचे थर मात्र कायमचे विसकटतात.

एक काम अद्याप व्हावयाचें आहे व तें एकट्या माणसाच्या आवांक्यांतलें नाहीं. नळांच्या डागडुजीच्या ज्या नोंदी छापील उताऱ्यांत, दफ्तरांत व खाजगी रुमालांत विखुरल्या आहेत, त्या सालवार एका यादींत आणाव्या; प्रत्येक नोंदींत काम कोठें झालें, किती हात बांधकाम झालें, कोणत्या जातीचा चुना व दगड लागला हें वेगळ्या रकान्यांत मांडावें. दुसऱ्या बाजूनें पायीं हिंडणारांनीं आज उभे असलेले व बुजलेले उच्छ्वास एकेक करून नकाशावर मांडावे, प्रत्येकाचें माप घ्यावें, आंत पाणी आहे कीं कोरडा आहे तें नोंदवावें. घराच्या आवारांत एखादा उच्छ्वास वा हौद असेल त्या मालकांनीं, आणि ज्यांच्या संग्रहांत नळासंबंधीं एखादी जरी चिठ्ठी असेल त्या संग्राहकांनीं, तिची नक्कल मूळ शब्दांत, सन न बदलतां, या यादीसाठीं द्यावी. सनांचें गणित सर्व नकला एकत्र आल्यावर करतां येईल.