तारेच्या टोकावरील वीज : बीजगणिताची साधी समीकरणे

मणिपूरमधील लेइसांग या खेड्यात २८ एप्रिल २०१८ रोजी वीज पोहोचली आणि देशातील सर्व खेड्यांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. तार पोहोचली की पहिला टप्पा संपतो. त्या तारेच्या शेवटच्या टोकाला दिवा नीट उजळतो का आणि पंपाची मोटार न जळता पाणी उपसते का, हा पुढचा प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. आठवी-नववीच्या वर्गात शिकविले जाणारे बीजगणित त्याला पुरेसे आहे.

दाब का घटतो?

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम असा : दाब = प्रवाह × रोध. या तीन राशींपैकी कोणत्याही दोन ठाऊक असल्या की तिसरी काढता येते. समजा, रोहित्रापासून ५०० मीटर अंतरावरील वस्तीला २३० व्होल्ट दाबाने वीज दिली जाते. जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारांची एकूण लांबी १ किलोमीटर आणि रोध १ ओहम आहे. सायंकाळी सर्व घरांचा मिळून प्रवाह २० अँपिअर झाला, तर तारेतच २० × १ = २० व्होल्ट खर्ची पडतात. शेवटच्या घराला उरतात केवळ २१० व्होल्ट.

दाबातील घट ६ टक्क्यांच्या, म्हणजे १३.८ व्होल्टच्या आत ठेवायची असेल, तर हेच समीकरण उलट दिशेने सोडवावे लागते. रोध = १३.८ ÷ २० = ०.६९ ओहम. म्हणजे अधिक जाड तार टाकली पाहिजे किंवा रोहित्र वस्तीच्या जवळ आणले पाहिजे. रोध तारेच्या लांबीच्या प्रमाणात बदलत असल्याने ५०० मीटरचे अंतर ३४५ मीटरपर्यंत कमी केले, तरी हेच उद्दिष्ट साधते. कोणता उपाय स्वस्त पडेल हे स्थानिक परिस्थितीवर अवलंबून राहील; परंतु निर्णयाला आधार मिळतो तो या भागाकाराचा.

वर्गाचा महिमा

तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाचा वर्ग × रोध इतकी असते. इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी हा संबंध १८४१ साली प्रसिद्ध केला. वरील उदाहरणात २० × २० × १ = ४०० वॅट वाया जातात. रोहित्रातून निघालेल्या ४,६०० वॅटपैकी हा वाटा सुमारे ८.७ टक्के आहे. प्रवाह दीडपट झाला, तर नुकसान दीडपट होत नाही. ते सव्वादोन पट होते.

उच्चदाब वितरण प्रणालीचे मर्म याच वर्गात आहे. शक्ती तेवढीच ठेवून दाब वाढविला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने वीज नेली, तर प्रवाह सुमारे साडेसव्वीस पटींनी कमी होतो आणि त्याच तारेतील नुकसान सुमारे ७०० पटींनी घटते. म्हणूनच लांबलचक लघुदाब वाहिनीऐवजी उच्चदाब वाहिनी शिवारापर्यंत नेऊन तेथे दोन-तीन पंपांसाठी लहान रोहित्र बसविले जाते. रोहित्रांची वाढलेली किंमत आणि त्यांच्यातील स्वतःचे नुकसान या लाभातून वजा करावे लागते, हेही विसरून चालणार नाही.

कपॅसिटरचा हिशेब

मोटारीला प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीखेरीज चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी वेगळी शक्ती लागते. ही दुसरी शक्ती पाणी उपसत नाही. तारेतील प्रवाह मात्र वाढविते. या दोहोंचा संबंध काटकोन त्रिकोणाचा आहे : एकूण शक्तीचा वर्ग = कार्यकारी शक्तीचा वर्ग + चुंबकीय शक्तीचा वर्ग.

एखादा पंप ४ किलोवॅट कार्यकारी शक्ती घेतो आणि त्याची चुंबकीय गरज ३ किलोव्हार आहे असे मानू. १६ + ९ = २५; म्हणून एकूण शक्ती ५ किलोव्होल्ट-अँपिअर. पंपापाशी २ किलोव्हारचा कपॅसिटर जोडला, तर तारेतून केवळ १ किलोव्हार आणावी लागते. आता १६ + १ = १७. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते २५ वरून १७ वर, म्हणजे ३२ टक्क्यांनी खाली येते. पंपाचे काम तेवढेच राहते.

मग ६ किलोव्हारचा मोठा कपॅसिटर अधिक चांगला का? ३ − ६ = −३. ऋण संख्येचा वर्गही ९ च होतो आणि बेरीज पुन्हा २५ वर येते. खर्च होऊन लाभ शून्य! शिवाय गरजेपेक्षा मोठा कपॅसिटर मोटारीलाही धोकादायक ठरू शकतो.

पाठ्यपुस्तकातून शिवाराकडे

कमी दाबावर तेवढेच काम करताना मोटार अधिक प्रवाह ओढते. त्यामुळे तारेतील दाब आणखी घटतो, वेटोळे तापते आणि ऐन हंगामात मोटार जळते. दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी पडतो आणि पाण्याची पाळी चुकल्याने पिकाचेही नुकसान होते. प्रत्येक शेतकऱ्याने आपापल्या पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविला, तर त्याचा लाभ त्याच वाहिनीवरील शेजाऱ्यालाही मिळतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रमांत आणि माध्यमिक शाळांच्या गणिताच्या तासाला अशी उदाहरणे गावातील वाहिनीचे प्रत्यक्ष मोजमाप घेऊन सोडविता येतील. अज्ञात राशी ही केवळ फळ्यावरची खूण नसून ती आपल्याच विहिरीवरच्या पंपाला मिळणारा दाब आहे, हे विद्यार्थ्याला एकदा उमगले, की समीकरण सोडविण्याचे प्रयोजन त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.