भट्टीच्या तळातली तार

कोल्हापूरच्या कुठल्याही फौंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की पुढ्यात १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअसचं पातळ लोखंड असतं आणि त्या लोखंडाभोवती चहूबाजूंनी पाणी फिरत असतं. पाणी असतं तांब्याच्या पोकळ नळीत. ही नळी म्हणजेच भट्टीची कॉइल. लोखंड आणि कॉइल यांच्यामध्ये असतो ठोकून बसवलेल्या गारेच्या चुऱ्याचा थर, म्हणजे लायनिंग. मध्यम आकाराच्या भट्टीत त्याची जाडी वीतभरसुद्धा नसते, आणि दर हीटला, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या प्रत्येक खेपेला, तो थोडा थोडा झिजतो. त्याला चीर पडली, चिरेतून लोखंड कॉइलपर्यंत पोचलं आणि तांब्याची नळी फुटली, तर पुढचं सगळं क्षणात घडतं. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सोळाशे पटींनी वाढतं. वितळलेल्या लोखंडाखाली कोंडलेली वाफ ते लोखंड उचलून छपरापर्यंत फेकते.

ही चीर बाहेरून दिसत नाही. ती कळते एका तारेमुळं. भट्टीच्या तळात पुरलेल्या, लोखंडाला टेकलेल्या, स्टेनलेस स्टीलच्या साध्या तारेमुळं. ज्या यंत्रणेला ही तार जोडलेली असते तिला ग्राउंड लीक डिटेक्टर म्हणतात, फर्नेसवर सगळे नुसतं ‘जीएलडी’ म्हणतात. कोल्हापूरच्या ओतकामाबद्दल बोलताना इंजिनांचे ब्लॉक, ब्रेक ड्रम, पंपांच्या बॉडी यांचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण ते ओतणारी माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जातात, त्यात या तारेचा वाटा मोठा आहे. तिच्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत. शिवाजी उद्यमनगरच्या बोळांत ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांपासून सुरू झालेलं हे काम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या वसाहतींत पसरलं. आधीच्या पिढीचं बहुतेक ओतकाम क्युपोलावर चालायचं: कोकचा जाळ, ब्लोअरचा वारा आणि नाळीतून वाहणारं लोखंड. क्युपोला कुठं फुटू लागला, तर पत्र्यावर लाल डाग दिसायचा. जुने मेस्त्री तो डाग लांबूनच ओळखायचे. इंडक्शन भट्टीनं धूर कमी केला, लोखंडाची रासायनिक घडण हातात आणून दिली, पण धोका आत लपवला. कॉइल, अभ्रकाचे थर, लॅमिनेशनचे योक, बाहेरचं कवच यांच्यामागं काय चाललंय ते डोळ्याला कळत नाही. अमेरिकेत एडविन नॉर्थ्रप यांनी १९१६च्या सुमारास ही बिनगाभ्याची भट्टी वापरात आणली. तेव्हापासून लायनिंगची पाठ कशी बघायची, हा प्रश्न तिच्याबरोबरच आहे.

तार कशी बसते ते एकदा जवळून बघायला हवं. जुनं लायनिंग फोडून काढलं की भट्टी मोकळी होते. तळाशी अर्थिंगला जोडलेला खिळा किंवा पट्टी असते, तिथून स्टेनलेसच्या तारा वर येतात. त्या सरळ उभ्या करायच्या आणि भोवती रॅमिंग मास, म्हणजे बोरिक अ‍ॅसिड मिसळलेला गारेचा कोरडा चुरा, थराथरानं घालायचा. प्रत्येक थर काट्यानं टोचून त्यातली हवा काढायची आणि मग ठोकायचा. वरचा थर टाकण्याआधी खालच्याची पाठ खरवडायची, नाहीतर दोन थरांमध्ये पापुद्रा राहतो. लोखंडाला नेमकी तीच वाट सापडते. तळ लेव्हलला आला की तारांची टोकं त्याच्या किंचित वर राहिली पाहिजेत. त्यावर पत्र्याचा फॉर्मर ठेवतात, टोकं फॉर्मरच्या बुडाला टेकवतात आणि मग बाजूच्या भिंती ठोकायला घेतात. पहिल्या हीटला फॉर्मर स्वतःच वितळून लोखंडात मिसळतो आणि तारेचं टोक थेट पातळ लोखंडात राहतं. हे काम करणारा माणूस हातातला काटा थांबवून मध्येच तारेला बोटानं हलवून बघतो. ती ढिली तर नाही ना, ठोकताना वाकून चुऱ्यात तर गेली नाही ना. कुठल्याही मीटरमध्ये न उमटणारी ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते.

आता वीज. कॉइलमधून मोठा एसी प्रवाह वाहत असतो, मध्यम भट्ट्यांत साधारण ५०० ते १,००० हर्ट्झचा. त्याला धक्का न लावता जीएलडी कॉइलवर एक छोटा डीसी दाब चढवतं. या डीसीची वाट अशी: डिटेक्टरपासून कॉइल, कॉइलपासून लायनिंग, लायनिंगपासून लोखंड, लोखंडातून तळातली तार, तारेतून अर्थिंग आणि परत डिटेक्टर. लायनिंग चांगलं असेल तर ही वाट तिथंच तुटलेली असते आणि मीटरचा काटा तळाशी राहतो. गार चांगली विद्युतरोधक आहे, पण तापेल तशी थोडीफार वाहक होते. त्यामुळं लायनिंग पातळ होत गेलं की मिलिअँपिअरचा आकडा हळूहळू चढतो. लोखंड चिरेतून कॉइलला भिडलं की वाट पुरी होते, रिले सुटतो आणि भट्टीची वीज तोडली जाते. पाणी मात्र चालूच ठेवावं लागतं, कारण वीज गेली तरी लोखंड तापलेलंच असतं.

तारेचं दुसरं कामही तेवढंच मोठं. तिच्यामुळं भट्टीतलं लोखंड अर्थच्या पातळीवर राहतं. मेल्टर सळईनं स्लॅग, म्हणजे लोखंडावरची मळी, काढतो, नमुन्यासाठी चमचा बुडवतो, तेव्हा त्याचा हात लोखंडी सळईवर असतो. तार तुटलेली असेल आणि कॉइलची गळती लोखंडात उतरली असेल, तर तो झटका त्या हाताला बसतो.

या यंत्रणेला फसवणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या समजून घेण्यातच या कामाचं कसब आहे. नव्या लायनिंगच्या पहिल्या हीटला आकडा वर जातो, कारण चुऱ्यातला ओलावा तापून मागं कॉइलकडं सरकतो आणि ओली गार वीज वाहू देते. पावसाळ्यात गोण्या उघड्या राहिल्या असतील तर हे जास्तच. सिंटरिंग, म्हणजे चुरा तापून घट्ट होणं, पुरं होत आलं, ओल निघून गेली की आकडा खाली येतो. दुसरी फसवणूक पाण्याची. कॉइलमधलं पाणी खनिजं काढून टाकलेलं असावं लागतं. शुद्ध पाणी विजेला जवळजवळ अडवतंच. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार तिला वाट देतात. कॉइलमधून निघणारे रबरी होज अर्थ केलेल्या पाइपांना जोडलेले असतात, त्यामुळं पाणी खराब झालं की होजमधला पाण्याचा खांबच वाहक बनतो. थेंबभरही गळती नसताना मीटर गळती दाखवतो. कॉइलवर बसलेली लोखंडाची धूळसुद्धा हेच करते.

मग खरं-खोटं कसं ठरवायचं? भट्टी रिकामी करून आकडा बघतात. लोखंड काढल्यावर आकडा पडला, तर वाट लायनिंगमधून होती. तसाच राहिला, तर दोष बाहेर आहे, पाण्यात, होजमध्ये किंवा धुळीत.

पण सगळ्यांत घातक फसवणूक शांत असते. तळावर स्लॅग चिकटला, तारेचं टोक झाकलं गेलं किंवा तार मधेच जळाली, तर काटा शून्यावर बसतो. त्या शून्याचा अर्थ ‘लायनिंग उत्तम आहे’ असाही होतो आणि ‘तार आंधळी झाली आहे’ असाही. पॅनेलवरचं टेस्ट बटण दाबून यातलं काहीच कळत नाही, कारण ते बटण डिटेक्टरचं सर्किट तपासतं, तळातली तार नव्हे. त्यासाठी वेगळी तपासणी आहे: भट्टीची वीज बंद करून, विद्युतरोधक दांड्याच्या पोलादी सळईनं लोखंडाला स्पर्श करायचा आणि सळईपासून अर्थपर्यंत वाट पुरी होते का ते मोजायचं. एवढंच काम आहे. ते नियमानं व्हावं आणि वहीत लिहिलं जावं, हा माझा आग्रह आहे. ज्या फौंड्रीत ती वही नाही, तिथं लाखभर रुपयांचं पॅनेल असलं तरी संरक्षण आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरा आग्रह बायपासबद्दल. टनभर लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. हीट अर्ध्यावर आलेली असते, मोल्डिंगवाले साचे मांडून थांबलेले असतात आणि जीएलडी ट्रिप होतं. अशा वेळी ‘एवढी हीट निघू दे, मग बघू’ म्हणत रिले बायपास करण्याचा मोह होतो. हे करू नये. आकडा खोटा ठरला तर एक हीट लांबते. खरा असला तर प्लॅटफॉर्मवरचा माणूस जातो. या दोन्हींची बरोबरी करताच येत नाही.

भट्टीखाली एक खड्डा असतो, लोखंड फुटून आलंच तर ते झेलायला. तो कोरडा ठणठणीत असायला हवा. कोल्हापूरच्या पावसात जमिनीखालच्या खड्ड्यात पाणी झिरपतं, होजच्या जोडातूनही थेंब पडतात. म्हणजे वर लोखंड पाण्याच्या वाटेवर येतंय का ते बघायचं आणि खाली पाणी लोखंडाच्या वाटेवर आहे का ते. खालच्या कामाला दोन उघडे वाहक पुरतात. तळापासून बोटभर उंचीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सळया, त्यांच्यामध्ये पाणी आलं की वाट पुरी, भोंगा चालू. गच्चीवरची टाकी भरल्याचं सांगणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं. फक्त एक पथ्य: सळयांना डीसी दिला तर विद्युत-विघटनानं धन टोकाची सळई खाल्ली जाते, म्हणून चांगल्या यंत्रात एसी असतो आणि सळया स्टेनलेसच्या. आणि एक मर्यादा: तेल वीज वाहत नाही, त्यामुळं भट्टी कलती करणाऱ्या हायड्रॉलिकचं तेल सांडलं तर या सळयांना पत्ताही लागत नाही.

हेच तत्त्व जिल्ह्यात साखरेच्या हंगामातही कामाला येतं. रस तापवताना आणि आटवताना थंड झालेल्या वाफेचं पाणी परत बॉयलरला देतात. नळी गळून त्यात रस मिसळला की रसातल्या क्षारांमुळं पाण्याची वाहकता वाढते आणि मीटर ओरडतो. प्रयोगशाळेत मग त्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉल आणि तीव्र गंधकाम्ल टाकून साखर दाखवणारं जांभळं कडं उमटतं का ते बघतात. युरोपात गरम पाण्याच्या जमिनीखालच्या पाइपांभोवती फोमच्या आवरणात तांब्याच्या तारा घालतात. आवरण ओलं झालं की तारेत सोडलेला विजेचा ठोका तिथून परततो आणि परतायला लागलेल्या वेळावरून जागा कळते. भट्टीतही आता गळतीची जागा शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत: जर्मनीतल्या सेव्हवे कंपनीच्या पद्धतीत लायनिंगच्या मागं इलेक्ट्रोडच्या पट्ट्या बसवतात आणि कुठल्या भागाचा रोध घटतोय ते पडद्यावर दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्यांवर अजून एकच आकडा असतो, सबंध भट्टीचा.

म्हणून लायनिंग फोडायचा दिवस महत्त्वाचा. फोडताना चिरांमध्ये शिरून थिजलेल्या लोखंडाच्या पातळ पापुद्र्या सापडतात. पापुद्री कुठल्या बाजूला आहे, तळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात की वर, तिचं टोक कॉइलपासून किती मिलिमीटरवर थांबलं, हे फूटपट्टीनं मोजून शेवटच्या आठवड्यातल्या मिलिअँपिअरच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवलं, तर पुढच्या लायनिंगला किती हीट द्यायच्या आणि कुठल्या आकड्याला थांबायचं, हे त्या भट्टीपुरतं नक्की ठरवता येतं.