कवळी ठरवताना उरलेल्या दातांकडे बघा

"मागची दाढ आहे, कुणाला दिसतेय?" असं म्हणून दाढ काढल्यावरची जागा आपल्याकडे वर्षानुवर्षं रिकामी ठेवली जाते. बऱ्याचदा ही जागा वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या मोठ्या दाढेची असते. ती दुधाच्या दातांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून दुर्लक्ष होतं. ती पुन्हा येत नाही. ती गेली की मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्याने बाहेर सरकते, कललेल्या दाढेच्या फटीत अन्न अडकतं. जबड्याचं हाडही झिजतं आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या वर्षातच होते. नंतर कवळी करायची म्हटलं तर दात बसवायला पुरेशी जागाच उरत नाही.

पण म्हणून प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे, हाही गैरसमजच. अगदी शेवटची एखादी दाढ गेली आणि बाकीचे दात नीट चावत असतील, तर काहीही न बसवता केवळ लक्ष ठेवणं योग्य ठरू शकतं. तोंडात वीसेक भक्कम नैसर्गिक दात असले की बहुतेकांचं खाणं चांगलं चालतं. जपानने 1989 मध्ये सुरू केलेल्या मोहिमेचं ध्येयच 'ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात' असं होतं. गेलेल्यांपेक्षा राहिलेल्या दातांचा हिशेब आधी मांडायचा, तो यासाठी.

"काढघाल करायची कवळी गरिबाची, फिक्स दात कधीही चांगले," असं सरसकट म्हटलं जातं. पण ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारावर पक्के बसणारे दात, बसवायचा तर शेजारचे दात कोरून लहान करावे लागतात, मग ते पूर्ण निरोगी का असेनात. शिवाय मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील, तर ब्रिजला मागून आधारच मिळत नाही. इम्प्लांटमध्ये, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरच्या दातात, शेजारचे दात कोरावे लागत नाहीत, पण त्याला पुरेसं हाड लागतं, छोटी शस्त्रक्रिया लागते; मधुमेह आटोक्यात नसेल किंवा धूम्रपान सुरू असेल तर धोका वाढतो. दोन्हीकडचे, वेगवेगळ्या जागचे दात गेले असतील तेव्हा काही दातांपुरती काढघाल करायची अर्धी कवळी हा बऱ्याचदा सगळ्यात समंजस उपाय असतो.

कवळ्यांमध्येही फरक आहे आणि निवड करताना खरी गफलत इथेच होते. साध्या अॅक्रिलिकच्या कवळीचा भार मुख्यतः हिरडीवर पडतो. ती जाड असते, पण स्वस्त असते, दुरुस्त होते आणि पुढे तिच्यात दात वाढवता येतो. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची कवळी पातळ आणि मजबूत असते. ती दातांवर टेकते, त्यामुळे चावण्याचा बराच भार दात उचलतात आणि हिरडीवरचा दाब कमी होतो. हल्ली मागणी असते ती लवचीक कवळीला, कारण तिच्यात दाताला धरणारी धातूची तार दिसत नाही. हसताना ती खरंच छान दिसते. मात्र तिचाही भार सहसा हिरडीवरच येतो, आणि ती दुरुस्त करणं किंवा तिच्यात दात वाढवणं कठीण जातं. आधाराचे दात आधीच हलत असतील तर पुढे दात वाढवता येणं फार महत्त्वाचं आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे "तासाभरात फिक्स दात". जत्रेत, बाजारात, रस्त्याकडेला बसणारे काही जण तोंडातच अॅक्रिलिक घट्ट करून शेजारच्या चांगल्या दातांना तारेने आवळतात. ते काढता येत नाही, स्वच्छ करता येत नाही. खाली हिरडी सुजते, रक्त येतं आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं ते दातही ढिले होतात. दंतवैद्यांच्या नोंदणीसाठी 1948 मध्येच कायदा झाला. नोंदणी नसलेल्या माणसाच्या हाती आपलं तोंड देऊ नये. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत जा. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात कवळी करून देतात. फेऱ्या जास्त होतात, पण काम रीतसर होतं.

"कवळीच्या तारेमुळे शेजारचे दात किडतात" ही तक्रार अर्धीच खरी आहे. तारेभोवती साचलेली घाण दात किडवते. म्हणून जेवणानंतर कवळी काढून धुवावी, आधाराचे दात नीट घासावेत. कवळीला टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो; मऊ ब्रश, साधा साबण आणि गार पाणी पुरे. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी, नाहीतर हिरडीवर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. झोपेत छोटी कवळी गिळली गेल्याच्या घटना घडतात, आणि धातू नसलेलं अॅक्रिलिक एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना कवळीबद्दल जरूर सांगा.

कवळी बसवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तोंडात परकं वाटतं, लाळ जास्त सुटते, 'स' नीट उमटत नाही. भाकरीचे छोटे घास दोन्ही बाजूंनी चावा. टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका, दवाखान्यात जा. आणि माप देण्याआधीच डॉक्टरांना विचारा: आधाराच्या दातांपैकी एखादा पुढे गेला, तर याच कवळीत तो वाढवता येईल का?