पुराच्या पाण्याखालील रस्ता

थंड देशांत भर रहदारीच्या रस्त्यांवर हिमाचे थर सांचून प्रवासी अडकून पडतात. सन २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी येथें अशाच हिमपातांत वीसांहून अधिक माणसें आपापल्या मोटारींतच मरण पावलीं. आम्हां पेण-रोह्याकडील मंडळींस हिमाचें भय नाहीं. परंतु रस्ता दृष्टीआड करण्याचें जें काम तेथें हिम करतें, तेंच येथें आषाढ-श्रावणांतील पाणी करतें; आणि पाणी हिमासारखें स्वस्थ पडून राहत नाहीं.

मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून वडखळ, नागोठणें, कोलाड असा दक्षिणेस जातो. नागोठण्याची अंबा काय किंवा कोलाड-रोह्याची कुंडलिका काय, दोन्ही नद्या सह्याद्रींतून थोड्याच अंतरांत खाडीस मिळतात. डोंगरांत पाऊस कोसळला कीं कांहीं तासांतच त्या फुगतात, आणि त्याच वेळीं खाडीस भरती असली तर पाणी मागें तुंबतें. भरतीचा जुना हिशेब आतां नव्या पिढीस ठाऊक नसतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीचा तास स्थूलमानानें येतो. अष्टमीस सहा वाजतां. खाडीच्या आंत ती थोडी उशिरां पोंचते. (वर्गांत हें गणित आम्ही मुलांकडून तोंडी करून घेत असूं.) अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत अर्थातच भय अधिक.

याच महामार्गावर, पुढें महाडजवळ, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतील जुना पूल महापुरांत वाहून गेला. एस. टी. च्या दोन गाड्या व एक खाजगी मोटार प्रवाशांसह नदींत गेल्या. पुढील वर्षीं तेथें नवा पूल उभा राहिला. गेलेलीं माणसें गेलीं. त्या चालकांस दोष कोण देईल? पुढें रस्ता आहे, या विश्वासावरच प्रत्येक चालक चाक फिरवीत असतो.

परंतु पाणी डोळ्यांस दिसत असतां त्यांत गाडी घालणें ही गोष्ट निराळी. सुमारें फूटभर पाण्यांत लहान मोटार तरंगूं लागते. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारींस ओढून नेतें. शिवाय गढूळ पाण्याखालीं डांबर आहे कीं भगदाड, हें वरून कळत नाहीं.

तरी माणसें गाड्या घालतात, आणि आमच्या मतें याचें एक कारण घरांतच असतें. गणपतीचे दिवस, मुंबईचीं मुलें-सुना गांवीं निघालेलीं, आणि घरचीं वडील माणसें फोनवरून दर घटकेस विचारीत असतात, “कोठवर आलांत? आरती खोळंबली आहे!” हें ऐकून वाटेंतला मुलगा पाण्याची खोली पाहील, कीं घड्याळ? वडिलांनींच स्पष्ट सांगावें कीं, “पाणी असेल तर थांबा.” पूजा घरीं असलेल्या कोणींही करावी; पाणी उतरेपर्यंत वाटेंतल्या मंडळींनीं वडखळला खुशाल रात्र काढावी.