सूर्याची वीज व तिच्या दाबाची राखण

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या अरण्यात हरिसाल नावाचे गाव आहे. सन २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने तेथे बिनतारी इंटरनेट नेले, व ‘डिजिटल गाव’ म्हणून त्याची ख्याती झाली. शाळेचा पाठ व दूरच्या डॉक्टरांचा सल्ला ही दोन्ही अशा मार्गाने अरण्यात पोहोचू शकतात. परंतु वीज गेली की बिनतारी यंत्र मुके होते. म्हणून, जेथे तारेची वीज भरवशाची नाही, तेथे सोलर पॅनेल व बॅटरी ह्यांचा आश्रय घेतात. मात्र सूर्य हा लहरी दाता, आणि यंत्रास तर दाब बेताचा हवा. ह्या दोहोंची सांगड कशी घालावी, हे विद्यार्थिमित्रांनो, आपण पाहू.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. ‘बारा व्होल्टचे’ म्हणून मिळणारे ३६ घटांचे पॅनेल, त्यास काही जोडले नसता, भर उन्हात सुमारे २१ व्होल्ट दाखविते. शिसे व आम्ल ह्यांची बॅटरी पूर्ण भरून विसावली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. भरतेवेळी तिला १४.४ पर्यंत दाब लागतो. दाब ह्याहून फार चढला तर आतील पाणी उडून जाते. उलट ती वारंवार तळापर्यंत रिती केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ह्यास्तव मध्ये ‘चार्ज कंट्रोलर’ नावाचा द्वारपाल बसवितात. तो भरणे वेळीच आवरतो, आणि दाब ११.५ च्या सुमारास उतरला की यंत्राचा पुरवठा तोडतो. एका रात्रीचे मौन पत्करावे, परंतु बॅटरी गमावू नये, हाच त्यातील हेतू होय.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या बॅटरीस १४.४ ऐवजी १४ व्होल्टच्या आसपास दाबच पुरे होतो. म्हणून उष्णता ओळखून दाब उतरविणारा कंट्रोलर घ्यावा, व बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी.

आता तारेचा विचार करू. यंत्र उंच खांबावर असते, व वीज पुष्कळदा नेटवर्कच्या बारीक केबलीतूनच वर जाते. अशा ३० मीटर केबलीत दोन तारा जाण्यास व दोन परतण्यास योजिल्या, तर एकंदर रोध सुमारे २.५ ओहम भरतो. यंत्रास ६ वॉट लागत असतील, तर १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो व वाटेतच सव्वा व्होल्ट खर्ची पडतो. बॅटरी ११.५ वर आली असता यंत्रास जेमतेम १० व्होल्ट मिळतात, आणि ते वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागते. तीच शक्ती २४ व्होल्टने पाठविली, तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील नाश चौथ्या हिश्श्यावर येतो. मात्र यंत्र किती दाब सोसते, हे त्याच्यावरील पट्टीवर वाचूनच असे करावे.

तात्पर्य, बॅटरीपाशी मोजलेला दाब हा यंत्रास मिळणारा दाब नव्हे. मापक यंत्रापाशीच, ते चालू असताना, व तेही पहाटे लावून पाहावे. कारण रात्रभराच्या खर्चाचा खरा हिशेब सूर्योदयापूर्वीच कळतो.